मंठाळचा मुलूख : एका सीमेचा भूगोल आणि इतिहास

(ग्रंथसंग्रहालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत थोर पुरुषांविषयी अथवा थोर ग्रंथांविषयी बोलावे, असा प्रघात आहे. मी मात्र आज आपणापुढे एक लहानसे गाव ठेवणार आहे. त्याचे नाव मंठाळ. कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात, गुलबर्ग्याच्या (२०१४ पासून कलबुर्गी) हद्दीकडे हे गाव आहे. महसुली परिभाषेत ते एका होबळीचे ठिकाण. सीमाप्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे उभी राहतात आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच सीमेचे पूर्वेकडचे टोक बिदर-गुलबर्ग्याच्या माळांवरून जाते, आणि त्या टोकाविषयी आपण फारसे बोलत नाही. एका अर्थी ही मोठी गमतीची गोष्ट आहे, कारण याच टापूतील गावे आपल्या पोथ्यांतून आपण पिढ्यान् पिढ्या वाचीत आलो आहोत.

प्रथम थोडा भूगोल. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर आहे. खाली दख्खनचा काळा पाषाण, त्यावर कित्येक ठिकाणी जांभ्या दगडाची तांबडी टोपी, आणि उताराला काळी कापसाची जमीन. ज्वारी, तूर, उडीद, मूग ही येथली जुनी पिके. सोयाबीन आणि ऊस मागाहून आलेले. या पठाराचे खरे वैशिष्ट्य मात्र पाण्याच्या वाटांत आहे. बिदर जिल्ह्याच्या उत्तर भागातले पाणी मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. कल्याणच्या माळावर उगम पावणारी मुल्लामारी मात्र दक्षिणेस उतरते, कागिणा नदीस मिळते, कागिणा भीमेस आणि भीमा कृष्णेस. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच पावसाचे पाणी दोन महानद्यांना वाटले जाते. निसर्गाने या मुलखात काही सीमा आखली असेल तर ती हा पाणलोट. राज्यकर्त्यांनी तिच्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही. त्यांच्या सीमा दुसऱ्याच हिशेबाने आखल्या गेल्या. तो हिशेब वसुलीचा होता आणि माझ्या आजच्या बोलण्याचा धागाही तोच आहे.

मंठाळच्या उत्तरेस कल्याण. अकराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या सोमेश्वराने चालुक्यांची राजधानी मान्यखेटाहून येथे आणली आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षे दक्षिणेतील विद्येचे ते एक प्रमुख केंद्र झाले. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) दरबारी काश्मीरहून बिल्हण कवी आला आणि त्याने राजाचे चरित्रकाव्य रचले. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' टीका याच राजाच्या आश्रयाने लिहिली. ग्रंथाच्या शेवटी त्याने कल्याण नगरीची इतकी स्तुती केली आहे की ती वाचून आज त्या गावी जाणाऱ्याने थोडे सावधच असावे. वारसाहक्काच्या बाबतीत ही 'मिताक्षरा' बंगाल सोडून बहुतेक हिंदुस्थानाला लागू होती आणि तिच्या पुष्कळशा अधिकाराला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मर्यादा घातली. ज्या वर्षी कल्याणच्या भूमीची वाटणी झाली त्याच वर्षी कल्याणच्या वाटणीशास्त्राचाही अंमल आटला, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटत आला आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचा ग्रंथ म्हणजे तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास'. राजधानी कल्याण, राजवंश कानडी, ग्रंथ संस्कृत, साल ११२९. आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही नोंद या ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरांच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी आपल्या ओवीची दखल घेतली ती एका कानडी राजाने. हुमनाबादनजीक जलसंगीच्या कल्मेश्वर मंदिरावर एक शिलाबालिका आहे. ती विक्रमादित्याच्या स्तुतीचा संस्कृत लेख कोरीत उभी आहे. या मुलखात आलेल्या पाहुण्याने किल्ला एक वेळ पाहिला नाही तरी चालेल, ही मूर्ती मात्र पाहावी.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्याण कलचुरी बिज्जलाच्या हाती गेले. त्याचा मंत्री बसवेश्वर, त्याच्या भोवती जमलेला शरणसमुदाय, अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखालचा अनुभवमंडप, आणि चर्मकार हरळय्याच्या मुलाचा ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालेला विवाह हा इतिहास आपणास ठाऊक आहे. त्या विवाहापायी झालेल्या शिक्षा, बिज्जलाचा वध आणि शरणांची पांगापांग (११६७ च्या सुमारास) यांनी कल्याण मोडले. पण विचार मोडला नाही, आणि तो कानडीपुरता राहिलाही नाही. बीडजवळच्या कपिलधारचे मन्मथस्वामी हे मराठीत लिहिणारे वीरशैव संत. निजगुण शिवयोगींचा कानडी 'विवेकचिंतामणी' १६०४ साली मराठीत आला. राजधानी उद्ध्वस्त झाल्यानंतर तिचे विचारधन असे उलट दिशेने, उत्तरेकडे, वाहत राहिले.

यानंतर सत्तेचे आसन बिदरला, आपल्या जुन्या मराठीतील 'बेदरा'ला, गेले. बहमनी राज्य १३४७ साली गुलबर्ग्यास स्थापन झाले आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची राजधानी बिदरला हलली. महमूद गावानची मदरसा १४७२ ची. राजकीय इतिहास येथे मी भराभर उलटतो, कारण तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. बरीदशाही, विजापूर, १६५७ साली औरंगजेबाने घेतलेले बिदर आणि कल्याणी, मग आसफजाही. मला थांबायचे आहे ते आपल्या पोथ्यांतील बेदरापाशी.

दामाजीपंतांची कथा आठवा. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची कोठारे रयतेला लुटविली, बेदरच्या पातशहाने जाब मागितला, आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बेदरला जाऊन पैका भरला. दासोपंतांची कथा पाहा. वडील देशपांडे, सरकारचा वसूल वेळेवर पोचला नाही म्हणून मुलाला बेदरला ओलीस ठेवले, आणि अखेरीस दत्तात्रेयाने पाडेवाराचे रूप घेऊन वसूल भरला. 'गुरुचरित्रा'त बेदरचा राजा अंगावरच्या फोडाने व्याकुळ होऊन गाणगापुरास नृसिंहसरस्वतींच्या पायाशी येतो. तिन्ही कथांत राजा एकाच गावचा, आणि पहिल्या दोहोंत देव राजाशी लढत नाही. तो पावती घेतो. आमच्या संतचरित्रकारांना राजसत्तेचे मर्म नेमके कळले होते. बेदर म्हणजे जिथे वसूल भरायचा ते गाव. रयतेच्या दृष्टीने राज्याची हद्द म्हणजे आपला पैका ज्या कचेरीत जातो तिची हद्द. भाषेचा तिथे संबंध नव्हता.

'गुरुचरित्रा'चा कर्ता सरस्वती गंगाधर हा कानडी घरातला. मराठी आपली मातृभाषा नव्हे, हे त्याने स्वतःच नोंदविले आहे. आज ज्या पोथीची मराठी घरोघर सप्ताहाने पारायणे होतात ती एका कानडी माणसाने, भीमा-अमरजेच्या संगमावरील कानडी मुलखातल्या यतीविषयी, मराठीत लिहिली. दोन भाषा येथे शेजारी होत्या असे म्हणणे अपुरे आहे. त्या एकाच माणसाच्या मुखात होत्या.

आता मंठाळ. या गावाचे नाव आपल्या वाङ्मयात येते ते माणिकप्रभूंच्या चरित्रात. प्रभूंचा जन्म १८१७ च्या दत्तजयंतीस कल्याणनजीक लाडवंती येथे झाला. कुटुंब हरकुडचे, म्हणून हरकुडे. मामा कल्याणी संस्थानात महसुलाच्या कामावर होते. चरित्रकार सांगतात की मामांनी या उनाड भाच्याला जकातनाक्यावर कारकून म्हणून चिकटविले. भाचा नाका सोडून भलतीकडेच रमे. मामांनी एकदा कडक शब्दांत सुनावले, तेव्हा मुलाने घर सोडले, आणि तो गेला तो मंठाळच्या रानात. तेथील गुहेत त्याने साधना केली, अशी परंपरा आहे. पुढे हुमनाबादजवळ माणिकनगर वसले, सकलमत संप्रदाय उभा राहिला, आणि मराठी, कानडी, हिंदुस्थानी, संस्कृत अशा अनेक भाषांतून प्रभूंची पदे झाली. दत्तभक्त, लिंगायत आणि मुसलमान असे तिन्ही समाज त्यांच्या दरबारी येत व आपापल्या श्रद्धेप्रमाणे त्यांना पाहत. १८६५ साली त्यांनी समाधी घेतली. या कथेतला चमत्काराचा भाग श्रद्धाळूंनी आपल्यापाशी ठेवावा. मला त्यातला जकातनाका महत्त्वाचा वाटतो. हा मुलूख नाक्यांनी चिरलेला होता, आणि त्याचा सर्वांत मोठा संत नाक्यावरची नोकरी टाकून रानात गेलेला माणूस होता.

त्या काळी हे नाके किती असावेत याची कल्पना निजामी राज्याच्या रचनेवरून येते. कल्याणीला नवाबाची जहागीर, चिटगुप्पा पायगेकडे, शेजारची काही गावे थेट सरकारची, म्हणजे सर्फेखास अथवा दिवाणी. एका गावचा शेतकरी शेजारच्या गावी बाजाराला गेला तर त्याचा मालकच बदले. त्यात १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर पश्चिमेचा नळदुर्ग-धाराशिवचा प्रदेश इंग्रजांकडे गेला आणि सात वर्षांनी, १८६० मध्ये, परत आला. त्या अवधीत कंपनी आणि निजाम यांची सरहद्द येथून फार दूर नव्हती. मेडोज टेलरने नळदुर्गचा कारभार पाहिला तो याच वर्षांत. सात वर्षांची ती सीमा आज कोणाच्या स्मरणातही नाही, आणि हे मला आशादायक वाटते.

दरबारची भाषा प्रथम फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. गावचा हिशेब मात्र कुलकर्ण्याच्या हातचा, तो मोडीत अथवा कानडीत. म्हणून या भागातल्या जुन्या घरांतील कागदांवर वर फारसी शिक्का, मधे मोडी मजकूर आणि खाली साक्षी कानडीत, असे त्रिवेणी दर्शन होते. बोलण्यातही तीच मिसळण. अक्का, अण्णा ही नाती आणि अडकित्ता हे घरातले हत्यार आपण कानडीकडून घेतले, हे पुण्यामुंबईच्या मराठीला सांगावे लागते. मंठाळकडच्या मराठीला ते सांगावे लागत नाही.

१९४८ चा उल्लेख टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मे महिन्यात याच भागातील गोरटा गावी रझाकारांनी निरपराध माणसांची कत्तल केली. सप्टेंबरच्या १३ ते १७ तारखांत पोलिस कारवाई झाली, संस्थान विलीन झाले आणि लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि नांदेड यांच्याबरोबर बिदरही आहे. गोरट्याचे स्मरण करणारे बरेच भेटतात, दुसऱ्या अर्ध्याचे स्मरण करणारे थोडे. इतिहास लिहू म्हणणाऱ्याला दोन्ही पाने उघडावी लागतील.

१९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि नाके उठले. तोच नव्या सीमेची चर्चा सुरू झाली. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. त्यात बिदर जिल्हा कर्नाटकातही नव्हता आणि महाराष्ट्रातही नव्हता. तेलुगू जिल्ह्यांसह जे उर्वरित हैदराबाद राज्य राहावे अशी आयोगाची शिफारस होती, त्यात बिदर घातले होते. एका वर्षाच्या आत हा बेत फिरला. १९५६ च्या कायद्याने त्या जिल्ह्याची तीन शकले केली. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात आले आणि आज लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड, निर्णा मंडळ वगळून जहीराबाद, आणि बिदर तालुक्याचे न्याळकल मंडळ आंध्रात गेले व २०१४ पासून तेलंगणात आहेत. उरलेला भाग, कल्याण-मंठाळसह, म्हैसूर राज्यात गेला. त्याचे कर्नाटक हे नामांतर १९७३ चे.

या तपशिलातील एक शब्द माझ्या मते कळीचा आहे : मंडळ. जहीराबाद तालुका घ्यायचा, त्यातले निर्णा मंडळ सोडायचे. बिदर तालुका सोडायचा, त्यातले न्याळकल मंडळ घ्यायचे. हे मंडळ म्हणजे निजामी महसूल खात्यातील गिरदावराचे कार्यक्षेत्र. भाषेच्या नावाने देशाची फेररचना झाली, आणि हाती घेतलेली कात्री मात्र वसुलीचीच होती. तालुका आणि गिरदावरी ही मापे कोणत्या गावात कोणती भाषा बोलतात हे पाहून कधी ठरली नव्हती. कोणत्या गावचा सारा कोणी गोळा करावा एवढ्यावर ती ठरली होती. महाराष्ट्राने १९५७ पासून खेडे हा घटक धरा, असा जो आग्रह धरला त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे. न्यायमूर्ती महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मंठाळसारख्या ठिकाणी मात्र खेडे हा घटक घेतल्यानेही प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, हे येथे स्पष्ट बोलतो. जिथे घरात एक भाषा, पेठेत दुसरी आणि मुलाच्या शाळेत तिसरी, तिथे खेड्याखालचा घटक माणूस. आणि माणसाची तर वाटणी करता येत नाही.

युरोपातील एक उदाहरण पाहू. बेल्जियमच्या पूर्व टोकाला, नेदरलंडच्या सरहद्दीवर, व्होरेन नावाची सहा खेडी आहेत; फ्रेंच त्यांना फूरों म्हणतात. देशातील डच आणि फ्रेंच भाषकांत कायमची रेघ आखण्यासाठी १९६२ साली कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९६३ पासून ही खेडी लिएज प्रांतातून काढून लिंबर्ग प्रांतात घातली गेली. बदल्यात पश्चिमेकडची कोमीन आणि मूस्क्रों ही गावे डच प्रांतातून फ्रेंच प्रांतात गेली. त्यापूर्वीच, १९६१ मध्ये, जनगणनेतील भाषेचा प्रश्न तिथल्या संसदेने वगळून टाकला होता, कारण त्या प्रश्नाच्या उत्तरावरून गावेच इकडची तिकडे जात. व्होरेनला मात्र समाधान लाभले नाही. डच भाषेची परीक्षा देण्यास नकार देणारा फ्रेंचभाषक नेता तिथला महापौर झाला आणि त्या वादात १९८७ साली देशाचे मंत्रिमंडळ कोसळले. सहा खेड्यांपायी एक सरकार! आमच्या मंठाळने अद्याप कोणाचे सरकार पाडलेले नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगता येईल.

व्होरेनमध्ये फ्रेंच भाषकांना कायद्याने काही सवलती ठेवल्या आहेत. आपल्याकडेही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० (अ) आणि ३५० (ब) ही कलमे घातली. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. सीमाप्रश्नावर आपण जितकी भाषणे केली त्यांच्या दहाव्या हिश्शानेही या दोन कलमांवर केली नाहीत. शाळेत मराठी शिक्षक आहे का, वाचनालयात मराठी नियतकालिक येते का, तलाठ्याकडचा उतारा वाचता येईल अशा लिपीत मिळतो का, हे प्रश्न राज्याच्या नावापेक्षा अधिक निकडीचे आहेत. उलटपक्षी सोलापूर, अक्कलकोट, जत येथील कानडी मुलांसाठी हेच प्रश्न आपण विचारले पाहिजेत, अन्यथा आपली मागणी एकाक्ष ठरेल.

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारी मोटार उमरगा सोडल्यावर कर्नाटकात शिरते, बसवकल्याणचा फाटा आणि हुमनाबाद मागे टाकते, आणि जहीराबादला तेलंगणात जाते. काही तासांत तीन राज्ये, तीन लिप्या. १९५६ पूर्वी हुमनाबाद आणि जहीराबाद एकाच जिल्ह्यात होते, हे गाडीतल्या तरुण प्रवाशाला सांगून पाहा. तो अविश्वासाने पाहील. कल्याणीचे बसवकल्याण झाले, आणि २०१९ मध्ये तर साऱ्या हैदराबाद-कर्नाटक विभागालाच 'कल्याण कर्नाटक' हे नाव मिळाले. नावे बदलतात याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते कागदांचे.

आणि म्हणून या ग्रंथसंग्रहालयाच्या सभासदांपुढे व आश्रयदात्यांपुढे एक विनंती ठेवून मी थांबतो. मघाशी ज्या तीन लिप्यांच्या कागदांचा उल्लेख केला ते आज दोन राज्यांच्या मधल्या फटीत पडले आहेत. पलीकडच्या दप्तरखान्याला मोडी परकी, अलीकडच्या संशोधकाला गाव परके. देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या, मठांच्या आणि दर्ग्यांच्या संग्रहांतील हे रुमाल माळ्यावर वाळवीच्या हवाली आहेत. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि मोडीबरोबर फारसी व कानडीही वाचील असा माणूस एकट्याने मिळणे कठीण. तिघांना एका बैठकीला बसवावे लागेल. शंभर वर्षांच्या संस्थेला हे अशक्य नाही. प्रारंभी मूळ कागद जागेवरून हलवूही नयेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, घरधन्याच्या नावाने यादी करावी, आणि त्या यादीची एक प्रत येथे, एक बसवकल्याणला आणि एक गुलबर्ग्याला ठेवावी. एका मोसमात मंठाळ होबळीची गावे फिरून होतील. सुगी आटोपल्यावर, माघ-फाल्गुनात, लोक घरी असतात.